साडेचार मीटर पाइप

त्या मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरातला नळ उघडला तेव्हा तो एकदा खोकला आणि गप्प झाला.

वहिनींना त्याचं काही नवल वाटलं नाही. हा सलग तिसरा हिवाळा. (आपण त्यांना वहिनीच म्हणू, सगळी इमारत तेच म्हणते.) त्यांनी रात्री भरून ठेवलेल्या पाण्याची किटली गॅसवर चढवली, डोक्यावरून शाल घेतली, मागच्या गॅलरीत गेल्या आणि कठड्यावरून कमरेपर्यंत बाहेर वाकून भिंतीवरच्या पाइपवर उकळतं पाणी ओतू लागल्या. गच्चीवरच्या टाकीतून निघालेला हा पाइप तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या घरात शिरण्याआधी साडेचार मीटर उघड्यावरून येतो. उत्तरेची भिंत, ऊन नाही, आडोसा नाही. तेवढ्यात तो गोठतो. वहिनींचे यजमान दारात उभे राहून "जपून हं, जपून," म्हणत होते. बायको कठड्यावरून लोंबकळत असताना दारातून "जपून" म्हटलं की कामाला हातभार लागतो, असा समस्त नवरेमंडळींचा प्रामाणिक समज आहे.

हे यजमान बँकेत किंवा कचेरीत असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण ते ज्या कारखान्यात होते तिथे दुसरं काही बनतच नाही. तिथे बनते ताप-पट्टी, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडात तारा विणलेली दोन बोटं रुंद पट्टी. पाइपला गुंडाळा, वीज सोडा, पाइप गोठत नाही. आणि बनते गरम नळी, म्हणजे तीच करामत नळीच्या पोटात शिवलेली. विमान जोडताना पंखांच्या सांध्यांत जो चिकट मसाला भरतात तो थंडीत दगड होतो. या नळीतून गेला की मुकाट्याने वाहतो. अशा कारखान्यात हे गृहस्थ बावीस वर्षं माल बाहेर जाण्याआधीचे शेवटचे तपासनीस होते. त्यांच्या टेबलावर दोन शिक्के असत, हिरवा 'पास'चा आणि तांबडा 'नापास'चा. हिरवा बावीस वर्षं एकच होता. तांबडा झिजून चारदा बदलावा लागला होता. कामगार त्यांना पाठीमागे नापाससाहेब म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, थोडं आवडतही होतं.

"विमानाच्या पंखाला ऊब देता," वहिनी आत येऊन किटली ठेवत म्हणाल्या, "आणि तुमच्या घरात तोंड धुवायला पाणी नाही." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्तच लागलं. "मी प्लंबरला सांगितलंय. सोमवारी सकाळी येतोय. भिंत फोडून पाइप आतून घेणार."

"भिंत फोडून? अगं, भिंत कशाला फोडायची? मी करतो ना!"

लेक पेल्यातल्या पाण्याने चूळ भरत होती. ती कॉलेजात शिकते, त्यामुळे तिला सगळ्यांविषयी सगळं माहीत असतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठे काय करता? तुम्ही तपासता."

नापाससाहेब हसले. हसत हसत डबा घेऊन निघाले आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्यांचं हसू गळून पडलं. दिवसभर त्यांना चैन पडेना. खुर्चीत बसलं की डावा गुडघा आपोआप हलायला लागे. बावीस वर्षांत आपल्या हाताने एखादी वस्तू पुरी झाली, असं एकही उदाहरण त्यांना आठवेना. घरातली मांडणी सुताराने केली होती. तिचा उतार यांनी दाखवला होता. पडदे वहिनींनी शिवले होते. त्यांची एक बाजू आखूड असल्याचं यांनी सांगितलं होतं. लेकीचा शाळेतला ज्वालामुखी तिच्या मामाने केला होता आणि तो बरोबर मध्यभागी नसल्याचं यांच्या लक्षात आलं होतं. पोरगी बोलली त्यात काडीचं खोटं नव्हतं.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच त्यांनी जाहीर केलं, "सोमवार सकाळपर्यंत पाइप गोठायचा थांबेल. मी थांबवीन. माझ्या हाताने. नाही जमलं तर प्लंबरला खुशाल भिंत फोडू द्या, मी एक शब्द बोलणार नाही."

"एक शब्द?" वहिनींनी खात्री करून घेतली.

"एकही."

वहिनींनी मायलेकींच्या खास नजरेने लेकीकडे पाहिलं. असा करार त्या घरात आजवर झाला नव्हता.

आता पट्टीच्या कारखान्यातल्या माणसाला सात-आठ मीटर पट्टी मिळवणं म्हणजे चुटकीसरशी व्हायचं काम, असं कुणालाही वाटेल. नापाससाहेबांनाही वाटलं. बुधवारी ते भांडारात गेले आणि नाकारलेल्या मालातला एखादा तुकडा मिळेल का म्हणून विचारलं. भांडारवाल्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'नाकारलेल्या पट्टीचे वीतभर लांबीचे तुकडे करावेत, म्हणजे कोणी ती घरी वापरणार नाही.' खाली सही होती, आणि सही त्यांचीच होती.

मग नवी पट्टी विकत घेण्याचा अर्ज. त्यात 'वापर' या रकान्यात दोनच पर्याय होते, विमान आणि उद्योग. नापाससाहेबांनी तिसरी चौकट स्वतः आखली आणि लिहिलं, 'स्थिर जलवाहिनी, उत्तराभिमुख, निवासी.' अर्ज विक्री विभागात गेला, तिथून हिशेबाकडे गेला, आणि गुरुवारी दुपारी शेवटच्या मंजुरीसाठी गुणवत्ता विभागात, म्हणजे खुद्द नापाससाहेबांच्या टेबलावर येऊन पडला. त्यांनी तो दोनदा वाचला. सोबत आराखडा नव्हता. त्यांनी तांबडा शिक्का उचलला.

"साहेब, अहो तुमचाच अर्ज ना हा?" अर्ज घेऊन आलेला भांडारवाला म्हणाला.

"मग? नात्यातला आहे म्हणून सोडू?"

त्या संध्याकाळी त्यांनी पाइपचा आराखडा काढला. वहिनींनी फीत धरली, लेकीने आकडे लिहिले, आणि शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आपल्या गॅलरीतून सल्ले देत होते. त्यांचा पाइप या पाइपच्या शेजारूनच, जेमतेम चार बोटांच्या अंतरावरून खाली येतो आणि तोही गोठतो. पण पोस्टमास्तर त्याला गोठणं म्हणत नसत, 'पाइपचा स्वभाव' म्हणत. "पाइपला जुना स्वेटर घाला," ते म्हणाले. "आमच्याकडे गेली पाच वर्षं आहे."

"मग गोठत नाही?"

"गोठतो. पण कमी गोठतो."

स्वेटर पाइपच्या वरच्या निम्म्या भागापुरताच आला होता. खाली उघडा पाइप दिसत होता. शास्त्रीय वादात पडायला नापाससाहेबांना वेळ नव्हता.

शुक्रवारी आराखडा जोडलेल्या अर्जावर हिरवा शिक्का बसला आणि पट्टी हातात पडली. ती त्यांना गुंडाळणीच्या टेबलावरून घ्यावी लागली, आणि त्या टेबलावर मावशी बसत. मावशी अठरा वर्षं नळ्यांवर पट्टी गुंडाळत होत्या. नापाससाहेबांच्या तांबड्या शिक्क्यांपैकी निम्मे तरी त्यांच्याच मालावर उमटलेले असत, कारण निम्मा माल त्याच करत. हा हिशेब नापाससाहेबांनी कधी केला नव्हता.

"घरी कोण बसवणार, साहेब?" मावशींनी विचारलं. "मी येऊ का? अर्ध्या तासाचं काम आहे."

"छे छे, त्यात काय आहे? रोज बघतोच की."

"बघता खरं," मावशी म्हणाल्या आणि पुढची नळी ओढून घेतली.

इमारतीचे सेक्रेटरी खालच्या मजल्यावर, बरोबर यांच्या घराखाली राहतात. बाहेरची भिंत सगळ्यांची, तेव्हा तिच्यावर काही लावायचं तर त्यांच्या वहीत नोंद हवी. वहीत तीन सदरं होती, अँटेना, ताडपत्री आणि कुंड्या. सेक्रेटरींनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. "ही अँटेना नाही," ते म्हणाले. "ताडपत्रीही नाही."

"ही ताप-पट्टी आहे. पाइप गरम राहतो."

"असं सदर नाही. मी तुम्हाला कुंड्यांत घालतो. अट एकच, खाली पाणी ठिबकता कामा नये." नापाससाहेबांनी कुंड्यांखाली सही केली. माणसाचा स्वाभिमान कुठे कुठे वाकतो!

शनिवारी सकाळी वहिनींना वाटलं, आता हे गॅलरीत जातील. ते टेबलाशी बसले. दहा वाजेपर्यंत कामाचा कागद लिहून झाला. चौदा ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने, 'केले' आणि 'तपासले'. बावीस वर्षं ते दुसऱ्या रकान्यात सही करत आले होते. पहिल्या रकान्याकडे आज त्यांचं प्रथमच नीट लक्ष गेलं. तो दुसऱ्यापेक्षा बराच रुंद दिसत होता.

"तपासायला तू," ते वहिनींना म्हणाले. "करणारा आणि तपासणारा एक असून चालत नाही."

"मग मी करते, तुम्ही तपासा. अंधार पडायच्या आत होईल तरी."

"नाही, मीच करणार."

"पण मला त्यातलं काय कळतं?"

"तपासायला कळावं कशाला लागतं? कागदावर लिहिलंय तसं झालंय की नाही, एवढंच बघायचं."

वाक्य तोंडातून निघून गेलं आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला, "आई, हे कुठेतरी लिहून ठेव."

गॅलरीत वारा हाडांत शिरत होता. पट्टी गुंडाळायची म्हणजे ती पाइपच्या मागून काढायची, पुढे घ्यायची, पुन्हा मागे, आणि दर वेढ्यात दोन बोटांचं अंतर सोडायचं. पट्टी कुठेही स्वतःवर चढता कामा नये, कारण चढली की त्या जागी ती जळते. हे नापाससाहेबांनी शेकडो वेळा लिहिलं होतं. लिहिताना त्यांची बोटं कधी बधिर झाली नव्हती. तिसऱ्या वेढ्यालाच त्यांना कळेना की पट्टी हातात आहे की हातमोजा. वेढा घसरे, तो वर सारला की खालचा सैल पडे, सैल ओढला की वरचा वाकडा होई. दोन तासांनी ते आत आले, नाक लालभडक, आणि कागदावर सातव्या ओळीपर्यंत पहिल्या रकान्यात सह्या ठोकल्या. मग वहिनी बॅटरी घेऊन बाहेर गेल्या.

नापाससाहेब दारात उभे. मग खुर्चीत. मग पुन्हा दारात. कारखान्यात त्यांच्या काचेच्या खोलीबाहेर माणसं अशीच ताटकळत आणि ते मान खाली घालून शांतपणे तपासत. एवढा वेळ लागतो का एखादी गोष्ट बघायला?

"अहो, हे इथे स्वतःवर चढलंय," वहिनी म्हणाल्या.

"थोडंसंच असेल."

"सहाव्या ओळीत लिहिलंय, चढू नये."

"अगं, व्यवहारात थोडं..."

"थोडं चालेल असं लिहा मग. मी लगेच सही करते."

ते काही त्यांना लिहवेना. वहिनींनी सहाव्या ओळीपुढे स्वच्छ अक्षरात 'नापास' लिहिलं. बावीस वर्षं हा शब्द दुसऱ्यांच्या कागदावर फार साधा दिसत आला होता. त्यांना तो जिव्हारी लागला. जेवण त्यांनी घाईघाईत उरकलं. नंतर सगळी पट्टी उकलली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या खेपेला ती बरी बसली. आता आठवी ओळ उरली होती, 'सेन्सर पाइपला चिकटवावा.' सेन्सर म्हणजे तारेच्या टोकाला असलेला करंगळीएवढा दांडा. पाइप किती गार आहे ते तो पट्टीसोबत आलेल्या, घरात भिंतीवर लावलेल्या डबीला कळवतो, त्याप्रमाणे डबी वीज सोडते आणि बंद करते. सगळी अक्कल त्याच्याकडे. पाइपची मागची बाजू डोळ्यांना दिसत नव्हती. नापाससाहेबांनी कठड्यावरून हात मागे घातला, बधिर बोटांनी चाचपत गार लोखंड शोधलं, सेन्सर त्याला दाबून चिकटवला आणि वरून दोनदा चिकटपट्टी फिरवली. मग ऊब टिकवणारं जाड आवरण चढवलं. वहिनींनी कागद वाचला, हात घातला, चाचपलं. सेन्सर होता. पाइपला होता. पक्का चिकटला होता. त्यांनी सही केली. चौदाव्या ओळीलाही केली. त्या रात्री नापाससाहेब अंथरुणात तीनदा उठून बसले आणि "थंडी वाढतेय ना? वाढू दे," असं म्हणून पुन्हा आडवे झाले.

रविवारी सकाळी नळ उघडला. पाणी आलं!

नुसतं आलं नाही, कोमट आलं. वहिनींनी ओंजळ धरली आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की नापाससाहेबांना वाटलं, बस, याचसाठी केलं होतं. लेकही तोंड धुऊन "मानलं, बाबा," म्हणाली. शेजारी पोस्टमास्तर किटली घेऊन गॅलरीत आलेले दिसले. "गोठला का?" यांनी मोठ्या मनाने विचारलं. "स्वभाव आहे त्याचा," पोस्टमास्तर म्हणाले आणि ओतू लागले. त्याच वेळी घरातली डबी 'टक' करून बंद झाली. वीस मिनिटांनी 'टक' करून चालू झाली. नापाससाहेबांनी दोन्ही वेळा वहीत टिपून घेतल्या.

नऊ वाजता कोमट पाणी गरम झालं होतं. साडेनऊला लेक संडासातून किंचाळत बाहेर आली. फ्लशमधून वाफ येत होती. दहाला स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावता येईना.

नापाससाहेब डबीसमोर उभे होते. "उणे चार," ते म्हणाले.

"काय उणे चार?"

"पाइपचं तापमान. डबी दाखवतेय. पाइप गोठायच्या बेतात आहे, म्हणून ती गरम करतेय. बरोबर चाललंय."

"अहो, नळातून उकळतं पाणी येतंय!"

"पण डबी उणे चार म्हणतेय."

"माझा हात 'भाजलो' म्हणतोय! कुणाचं ऐकायचं?"

बावीस वर्षं आकड्यांवर विश्वास ठेवलेल्या माणसाची ती कठीण घटका होती. ते डबीकडून नळाकडे, नळाकडून गॅलरीकडे, गॅलरीकडून डबीकडे येरझारा घालू लागले. मध्येच आकडा एकदम उणे चारावरून चाळीसवर उडी मारी, 'टक' होई, ते धावत गॅलरीत जात, तिथे पोस्टमास्तर किटली रिकामी करून झटकत असत, आणि हे परत आत येईपर्यंत आकडा पुन्हा खाली घसरू लागलेला असे. असं चारदा झालं. वहीत पानभर वेळा झाल्या. त्यांनी वीजपुरवठ्याला दोष दिला, मग डबीला, मग डबीच्या कंपनीला. वरच्या मजल्यावरच्या आजी बातमी ऐकून बादली घेऊन आल्या, गुडघे शेकायला थोडं पाणी देता का म्हणून. ते भरून निघाल्याच होत्या, इतक्यात सेक्रेटरी आले. त्यांनी टकलावर ओला रुमाल धरला होता.

"तुमच्या कुंड्या ठिबकतायत," ते म्हणाले. "गरम."

तापून तापून पाइपचा सांधा सैल झाला होता आणि त्यातून थेंब थेंब पाणी नेमकं सेक्रेटरींच्या गॅलरीत पडत होतं. सेक्रेटरी खाली खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. "संध्याकाळपर्यंत आवरा, नाहीतर परवानगी रद्द. उद्या सगळं काढून ठेवायचं."

वहिनींनी भिंतीवरचं बटण बंद केलं. लेकीने एकदाही थट्टा केली नाही, आणि तेच नापाससाहेबांना सहन होईना. ती थट्टा करते म्हणजे तिला अजून आशा आहे, एवढं ते तिला ओळखत होते. त्यांनी वही मिटली, आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि मावशींना फोन लावला. नंबर त्यांच्याकडे नव्हता. तो भांडारवाल्याकडून घ्यावा लागला, म्हणजे उद्या सगळ्या कारखान्याला कळणार होतं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मागे कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं.

"सेन्सर कुठे लावलात, साहेब?"

"पाइपला."

"कुणाच्या?"

नापाससाहेबांनी फोन कानाला धरूनच सेन्सर चिकटवल्याचं आठवून पाहिलं. स्वतःचा पाइप तर आधीच पट्टीत गुंडाळलेला होता. गार, उघडं लोखंड बोटांना लागलं होतं, ते शेजारचं. पोस्टमास्तरांचा पाइप गोठलेला, म्हणून डबी यांचा पाइप तापवत सुटली होती. पोस्टमास्तर किटली ओतत तेवढा वेळ काय ती थांबे. आणि वहिनींनी तपासलं होतं, काटेकोर तपासलं होतं. सेन्सर पाइपला हवा, एवढंच कागदावर होतं. कुणाच्या पाइपला, हे लिहायचं जो विसरला त्याचं नाव कागदाच्या डोक्यावर ठळक होतं.

"होतं असं," मावशी म्हणाल्या. त्यांना हसता आलं असतं. त्या हसल्या नाहीत. "थंडीत बोटांना कळत नाही, साहेब. दर चार वेढ्यांनी हात काखेत धरायचे. आणि पट्टी ओढायची नाही. ओढली की ती चढते. नुसती पाइपवर टेकवत न्यायची, तिची ती बसते."

"मावशी, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

दुपारी दोन वाजता त्यांनी सगळं सोडवलं. सांधा आवळला. पोस्टमास्तरांची माफी मागून त्यांच्या पाइपवरचा सेन्सर काढला. पोस्टमास्तर म्हणाले, "तरीच आज आमचा पाइप मला जरा बरा वाटत होता," आणि त्यांना कुणी खोडून काढलं नाही. कागदावर आठव्या ओळीत 'आपल्या' हा शब्द घातला. मग चार वेढे, हात काखेत. चार वेढे, हात काखेत. न ओढता. घाई करायची नाही म्हटल्यावर नापाससाहेबांच्या अंगात घाईच उसळत होती, गुडघा कठड्यावर आपटत होता, दिवस कलत चालला होता. पण बोटांना पाइप लागत होता. पट्टीची वीण, तिची कड, खालच्या वेढ्यापासूनचं अंतर, सगळं बोटांना कळत होतं, आणि हे असं कळतं हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

दिवे लागायच्या वेळेला वहिनी बॅटरी घेऊन आल्या. त्यांनी वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं, कागद वाचला. गारठ्याने त्यांचे दात वाजत होते. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांना भडभडून आलं असावं. "पास," त्या म्हणाल्या. "सगळं पास. चला आत, चहा टाकते."

नापाससाहेब हलले नाहीत. "पाइप आत वळतो ना, त्या वाकाच्या मागे हात घाल," ते म्हणाले.

"कशाला? दिसतंय की छान."

"मागे एक वेढा चढलाय. नखाएवढा. मला मघाशी हाताला लागला."

वहिनींनी हात घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं. "अहो, हे मला कधीच कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं."

"हो."

"मग?"

"मग काय, उकलायचं. वाकापासून वर सगळं."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. कारखान्यात 'उकला' म्हणायला त्यांना एक क्षण लागत असे. आता त्या एका शब्दात किती वेढे असतात ते त्यांना दिसत होतं, आणि तरी तो म्हणावाच लागतो हेही दिसत होतं. त्यांनी हात काखेत धरले आणि पट्टीच्या टोकाची गाठ सोडायला घेतली. लेक कधी बाहेर आली कळलं नाही. तिने आईच्या हातातली बॅटरी काढून घेतली आणि प्रकाश बरोबर वाकाच्या मागे धरला. "सावकाश करा, बाबा," ती म्हणाली. "मी धरलीय."

चहा दोनदा तापवावा लागला.

सोमवारी त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडक सकाळ उगवली. नापाससाहेब पाचलाच उठले होते, पण नळाला हात लावायची त्यांची हिंमत होईना. ते डबीसमोर उभे होते. डबी तीन अंश म्हणत होती, पण आता त्यांचा डबीवर विश्वास नव्हता. शेवटी वहिनींनी नळ सोडला. पाणी आलं. गार पाण्यासारखं गार पाणी, धड, सरळ, न खोकता. वहिनींनी किटली उचलली आणि कपाटात ठेवून दिली.

प्लंबर आठला आला, छिन्नी-हातोडा घेऊन. नळ चालू पाहून तो बुचकळ्यात पडला. त्याला निरोप द्यायचा राहून गेला होता. आलोच आहे तर बघतो म्हणून तो गॅलरीत गेला, आवरणाची कड उचलून आत डोकावला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. नापाससाहेब कामावर निघण्याच्या तयारीत, एक पाय बुटात, एक मोज्यात, तसेच थांबले. प्लंबर वाकला. त्याने हात मागे घातला. वाकापाशी तो थोडा जास्तच रेंगाळला.

"हे कुणी केलं?" त्याने आत येऊन विचारलं.

"का? काय चुकलंय?" नापाससाहेबांच्या तोंडून आपोआप निघालं.

"चुकलं नाही हो. मागेसुद्धा वेढे सारखे आहेत. मागे कोण बघतो? तरी सारखे आहेत." त्याने हात पुसले. "पलीकडच्या इमारतीत माझं काम निघालंय, असेच अकरा पाइप आहेत. मी भिंती फोडायचं म्हणत होतो. या माणसाचा नंबर द्या मला."

बावीस वर्षं कुणालाही दोन वाक्यांत गप्प करणाऱ्या नापाससाहेबांनी दुसरा बूट हातात उचलला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. डोळे भरून आले होते आणि ते लपवायला हातात फक्त एक बूट होता.

"नंबर आहे," वहिनी म्हणाल्या. "पण तो शनिवार-रविवारच येतो. फार हळू करतो. आणि तपासायला मी सोबत लागते."

प्लंबरने एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा त्या बुटाकडे. मग तो छिन्नी पिशवीत ठेवू लागला.

"अकरा," नापाससाहेब घसा खाकरत म्हणाले. त्यांचा गुडघा हलायला लागला होता. "सगळे उत्तरेच्या भिंतीवर आहेत का हो?"